सिनेमात नसलेलं वाक्य

गेल्या महिन्यात सुरतेहून फोन आला. माझ्या जुन्या शेजाऱ्याचा मुलगा बोलत होता. आता तो चाळिशी ओलांडलेला आहे, हजीऱ्याच्या एका कारखान्यात नोकरी करतो. त्याचे वडील म्हणजे माझे मित्र. त्यांना जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

"गुरुजी, ती पप्पांची फिल्म सापडली मोबाईलवर," तो म्हणाला. "आखी बघितली. शेवट तर दोन वेळा बघितला. पण ते वाक्य त्यात नाहीच."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"थोरला भाऊ तर धाकट्याला हाकलूनच देतो. पाय धुवायचं तर काही बोलतच नाही. पप्पांना ऐकू कुठे येत होतं, त्यांनी मनानेच काहीतरी धरलं असणार. आम्ही सगळे हसलो गुरुजी. वीस-पंचवीस वर्षं त्यांनी आम्हाला ते वाक्य ऐकवलं!"

त्यांचं हसणं प्रेमाचंच होतं, पण मला ते सोसवेना. बहिऱ्या माणसाने मनाने काहीतरी धरलं, असं आता त्या घरात कायमचं बोललं जाणार. तो माणूस तर पडद्यावरची एक गोष्ट नजरेतून सोडत नसे. चूक त्याची नव्हती, माझी होती. ती सांगायला मला कोणाची आडकाठी होती, हेही पुढे येईल. आता ती आडकाठी उरलेली नाही आणि माझंही वय झालं आहे, म्हणून लिहून ठेवतो.

मी मूळचा सांगलीकडचा. नव्वदच्या सुमाराला सुरतेत, लिंबायतमध्ये, मराठी शाळेवर शिक्षक होतो. आमच्या गल्लीत बहुतेक घरं खानदेशची, यंत्रमागावर काम करणारी. घरात अहिराणी, दुकानात गुजराती, रिक्षात हिंदी. माझ्या घराला लागून या मित्राचं घर. तो माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठा होता. अमळनेरकडच्या एका गावातून विशीत आला आणि तेव्हापासून मागावरच होता.

मागाच्या खात्यात, म्हणजे कारखान्याच्या शेडमध्ये, शे-दीडशे माग एकदम चालतात. तिथे आवाज असा असतो की दोन माणसं शेजारी उभी राहून ओरडली तरी उपयोग नाही. म्हणून तिथली माणसं ओठांनी बोलतात. आवाज काढायचाच नाही, ओठ मात्र नीट उघडायचे, लागेल तिथे हाताची खूण करायची. चार माग पलीकडच्या माणसाशी ते असे आरामात बोलतात. चहा, पगार, सासरची भांडणं, सगळं. आणि वीस वर्षांनी कान गेले तरी त्या माणसांचं तिथे काही अडत नाही. अडतं ते बाहेर आल्यावर.

याचंही तसंच झालं होतं. माझ्याशी तो ओठ बघूनच बोलायचा. सुरुवातीला मी मोठ्याने बोलायचो. एकदा वैतागून म्हणाला, "गुरुजी, गल्लीले सांगी ऱ्हायनात का माले? आवाज बंद करा, तोंड उघडा." मग त्यानेच मला खात्यातलं बोलणं शिकवलं. माझ्या ओठांवर मिशी फार उतरते, अशी त्याची तक्रार होती. मी ती कातरून घेतली. माझ्या बायकोने विचारलं तेव्हा खरं कारण सांगायची लाज वाटली. उन्हाळा आहे म्हटलं.

त्याला सिनेमाचं वेड होतं. पण ऐकू येत नसल्यामुळे थिएटरात जाणं त्याने बंद केलं होतं. नट समोर तोंड करून बोलला तर याला अर्धंमुर्धं कळायचं. पाठ फिरवली की संपलं. एका सुट्टीच्या दिवशी मी त्याला दुपारच्या खेळाला घेऊन गेलो. आम्ही भिंतीकडच्या खुर्च्या घेतल्या. तो माझ्या डाव्या हाताला, थोडा माझ्याकडे वळून बसला. पडद्याचा उजेड माझ्या तोंडावर पडत होता. मी ऐकायचं आणि आवाज न काढता ओठांनी सांगायचं. पडद्यावर अंधार झाला की माझे ओठ दिसत नसत. मग तो माझ्या गुडघ्यावर टिचकी मारायचा, म्हणजे थांबा. उजेड आला की दोन टिचक्या.

अशी आमची सात-आठ वर्षं गेली. महिन्याला दोन सिनेमे तरी व्हायचेच.

त्याची बायको, जिला मी वहिनी म्हणायचो, दारात उभी राहून टोमणे मारायची. "माले ऐकू येस, तरी माले कोनी ली जात नही. याले ऐकू येत नही, त्याले दर सुट्टीले सिनेमा!"

"तुले ली जासू," तो म्हणायचा, "पन तू मधमा बोलस."

"तुले कसं समजस मी बोलस ते?"

"तुनं तोंड बंद व्हतंच नही, ते दिसस ना!"

सिनेमाबद्दलची त्याची मतं मी आजवर कुठे वाचली नाहीत. तो कापड बघायचा. नायिका गरीब कोळ्याची मुलगी असली आणि तिने अंगावर जॉर्जेट घेतलेलं असलं, की हा मध्यंतरात शेंगदाण्याची पुडी सोडत म्हणायचा, "गुरुजी, ही साडी आपली शे. रिंग रोडना मार्केटमाईन गयेल शे." मग म्हणायचा, "कापडना ताकामा एक डाग उना तर शेठ बोंब मारस. अठे पोरगी चिखलमा लोळी ऱ्हायनी, तरी साडीले डाग नही."

मारामाऱ्या त्याला आवडायच्या, पण मारामारीनंतर कोणी दमत नाही याचा राग यायचा. पडद्यावर माणसं काम करताना दिसत नाहीत, ही त्याची सगळ्यात मोठी तक्रार. एका सिनेमात नायक गिरणी कामगार होता. नायकाची आई वारल्याची बातमी येते आणि तो मागावरून डोकं उचलतो, असा प्रसंग. सगळं थिएटर सुन्न. आणि हा खो खो हसत सुटला. पुढच्या रांगेतल्या माणसाने मागे वळून आईवरून शिवी दिली. मी हात जोडले. बाहेर आल्यावर विचारलं, काय झालं होतं? म्हणाला, "मागवर धागाच नही ना! निस्ता खडखड करी ऱ्हायना. बिचारी माय फुकट मरनी."

मी शिकलेला माणूस. त्या प्रसंगाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मागावर धागा नाही हे मला दिसलंच नव्हतं. बघायला मी त्याच्याकडून शिकलो. आजही टीव्हीवर कोणी भाकरी थापत असेल तर माझं लक्ष आधी परातीत पीठ आहे का, इकडे जातं.

आता माझी खोड सांगतो.

त्या काळातल्या सिनेमांतले संवाद फार भरताड असत. एकच गोष्ट तीन-तीनदा. ओठांनी सगळं सांगता येत नसे, म्हणून मी थोडक्यात सांगू लागलो. थोडक्यात सांगता सांगता सुधारू लागलो. बाप मुलाला पाच मिनिटं उपदेश करायचा, तिथे मी सांगायचो, "म्हणतोय, तुझ्या चपला अजून माझ्याच मापाच्या आहेत." शेजारी त्याचा चेहरा उजळायचा. पडद्यावरचा बाप अजून बोलतच असायचा, पण त्याने फरक पडत नसे. बापाने हात हलवला की वाक्य जुळून जायचं.

बाहेर चहाच्या गाडीवर तो म्हणायचा, "लिखनारा जोरदार शे, गुरुजी. एकच वाक्य बोलना, पन काय बोलना!" आणि मी खाली बघून चहा प्यायचो. कोणीतरी आपलं लिहिलेलं वाखाणतंय, असं सुख मला आयुष्यात दुसरीकडे कुठे मिळालं नाही. तरुणपणी मासिकांकडे पाठवलेल्या कथा परत आल्या होत्या. त्या इथे, भिंतीकडच्या खुर्चीत, खपत होत्या. तो ती वाक्यं खात्यात जाऊन ओठांनी चार मागांपलीकडे पोचवायचा. मला कधी कधी अनोळखी कामगार रस्त्यात थांबवून विचारायचे, "गुरुजी, तो चपलांवाला पिक्चर कोणता हो?" मी नाव सांगायचो. ते बघून यायचे आणि म्हणायचे, आमच्या वेळी तो सीन कापला वाटतं.

एका ठिकाणी मात्र मला खोटं बोलायची सोयच नव्हती. त्याच्या खात्याच्या शेठने सुरतेबाहेर सचिन गावी नवी शेड बांधली आणि जपानहून जुने माग आणले. हा जुना जाणता कारागीर, म्हणून त्यालाही तिकडे नेलं. लाकडी खोक्यांतून माग निघाले, आणि भागांना धक्का लागू नये म्हणून मध्ये कोंबलेली जाडजूड चित्रांची पुस्तकं निघाली. बाकीच्यांनी त्यांनी तेलाचे हात पुसले. याने तीन घरी आणली. प्रत्येक पुस्तक विटेएवढं जाड, कागद पिवळट, आत नुसती चित्रंच चित्रं आणि मधे जपानी अक्षरं. पुढे बऱ्याच वर्षांनी मला कळलं की याला मांगा म्हणतात आणि जगभर त्याचे चाहते आहेत. लिंबायतमधला पहिला चाहता माझ्या शेजारी राहत होता, एवढं मी खात्रीने सांगतो.

ओसरीवर बसून आम्ही दोघे ती पुस्तकं बघायचो. अक्षर त्यालाही कळत नव्हतं आणि मलाही. तिथे मी त्याच्याएवढाच बहिरा होतो. त्याला सगळ्यात काय आवडलं असेल? त्या चित्रांत दार आपटलं, गाडी थांबली, पाऊस कोसळला, की तो आवाज मोठमोठ्या तिरप्या अक्षरांत चित्राच्या आरपार काढलेला असायचा. त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "गुरुजी, अठे आवाज दिसस." ते पान त्याने वहिनींना दाखवलं, मुलांना दाखवलं. मग आवाज कशाचा असेल यावर आमच्या पैजा. दुसरं म्हणजे, एखादं अख्खं पान नुसत्या रिकाम्या रस्त्याचं असायचं. "आपला पिक्चरमा इतला येळ कोनी गप बसस का?" तो म्हणायचा. खरं होतं.

आम्ही अर्थातच डावीकडून वाचत होतो. एक तरुण पिशवी घेऊन गाडीतून उतरतो, चालत गावात येतो, घराच्या दारात आई उभी असते, तो पिशवी खाली ठेवतो, दोघं जेवायला बसतात. दोन आठवडे आम्ही ही गोष्ट मानून चाललो. मग एका दुपारी तो पुस्तक घेऊन आला. तरुणाच्या हाताला पहिल्या पानावर पट्टी होती आणि बाराव्या पानावर त्याला विळा लागून जखम होत होती. "आधी पट्टी, मंग जखम? आपन उलटं वाची ऱ्हायनूत." पुस्तक उजवीकडून वाचायचं होतं. म्हणजे तो तरुण घरी येत नव्हता. आईबरोबर शेवटचं जेवून, पिशवी उचलून, घर सोडून चालला होता.

त्याने पुस्तक पुन्हा डावीकडून उघडलं. मग म्हणाला, "आपन उलटंच वाचू."

त्याच सुमारास चौटा बाजारातून मी घरी मुठीत मावणारा एक व्हिडिओ गेम आणला होता. वरून विटा पडतात, त्या खाली नीट रचायच्या. तो त्याने दोन दिवस मागून नेला. बोटं त्याची तुटलेला धागा पापणी लवायच्या आत सांधणारी, त्यामुळे आमच्या घरातले सगळे आकडे त्याने मागे टाकले. परत देताना मत दिलं: मशीन चांगलं नाही. का? "धागा तुटना की मना माग आपोआप उभा ऱ्हास. इले चूक व्हयनी तरी थांबानी अक्कल नही. टाकत जास, टाकत जास." मला तेव्हा हसू आलं. माझ्याबद्दलच बोलला असता तर याहून नेमकं बोलला नसता.

त्याच्या घरची एक गोष्ट गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. गावी त्याचा थोरला भाऊ होता. आई आजारी असल्याची तार आली, तेव्हा याला वाटलं, नेहमीसारखंच असेल. याआधी दोनदा तशा तारा आल्या होत्या. खात्यात बदली माणूस मिळेना. हा तीन दिवसांनी पोचला. तोवर सगळं झालं होतं. थोरला दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आते कसाले उना?" हा उंबऱ्याबाहेरूनच परत फिरला. त्यानंतर नऊ वर्षं गावी गेला नव्हता. भावाचं नाव निघालं की उठून मोरीत हात धुवायला जायचा. वहिनी मला म्हणायच्या, "त्याले भाऊनी याद येस, म्हनीसन हात धोस."

आणि मग तो सिनेमा लागला. नाव लिहीत नाही. मुलांना ठाऊक आहेच. दोन भाऊ, धाकटा घर सोडून जातो, पुष्कळ उलथापालथ होते, शेवटी धाकटा गाठोडं घेऊन घरी येतो. थोरला अंगणात, आपल्याकडे पाठ करून उभा. त्याचे ओठ दिसत नाहीत. धाकट्याचा चेहरा मात्र पडदाभर.

थोरला म्हणतो: या घरात तुझं ताट नाही. जो गेला तो गेला.

धाकट्याचे डोळे भरतात. तो मान खाली घालतो, गाठोडं तिथेच ठेवतो आणि डावीकडे चालत पडद्याबाहेर जातो. डावीकडे आधीच्या एका प्रसंगात विहीर दाखवलेली होती. संपलं.

माझ्या शेजारचा माणूस पडद्याकडे बघत नव्हता. माझ्या ओठांकडे बघत होता. गुडघ्यावर दोन टिचक्या पडल्या. मी त्याचं तोंड बघितलं आणि माझ्याच्याने ते वाक्य निघेना. दया आली म्हणावं तर तेवढं चांगलं श्रेयही मी घेऊ शकत नाही. त्याच क्षणी मला दुसरं वाक्य सुचलं होतं, आणि ते चांगलं होतं, आणि चित्राला बेमालूम बसत होतं. मी ओठांनी सांगितलं:

"म्हणतोय, ताट वाढलेलंच आहे. पाय धुऊन ये."

त्याने पडद्याकडे बघितलं. धाकटा मान खाली घालून विहिरीकडे चालला होता.

त्या दिवशी चहाच्या गाडीवर त्याने काहीच मत दिलं नाही. कापडाबद्दल नाही, कशाबद्दल नाही. आठवड्याने माझ्या दारात आला. "गुरुजी, मी गावले जाई ऱ्हायनू."

उधना स्टेशनपर्यंत मी त्याच्याबरोबर गेलो. भुसावळकडची पॅसेंजर यायला पाऊण तास होता. त्या पाऊण तासात मी त्याला दहा वेळा सांगू शकलो असतो. दिवसाउजेडी, समोरासमोर, माझे ओठ त्याला स्वच्छ दिसत होते. मी त्याला पाण्याची बाटली आणून दिली, खारी शिंग म्हणजे खारे शेंगदाणे आणून दिले, खिडकीजवळची जागा धरून दिली. आणि गाडी सुटल्यावर बाकावर बसून राहिलो. गावात थोरल्याने सिनेमातलं खरं वाक्य म्हटलं तर? हा माणूस दुसऱ्यांदा उंबऱ्यावरून फिरेल, आणि यावेळी माझ्या भरवशावर गेलेला असेल.

चार दिवस मी शाळेत काय शिकवलं ते मला आठवत नाही.

पाचव्या दिवशी सकाळी तो आला. खांद्यावर बिबड्यांचं, ज्वारीच्या पापडांचं, गाठोडं, हातात लोणच्याची बरणी. बरणी बघूनच मी ओट्यावर बसलो. जे झालं ते त्याने उभ्याउभ्याच सांगितलं. भाऊ अंगणात होता. तो काही बोलला की नाही हे याला कळलंच नाही, कारण याने त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही. बघायची हिंमत नव्हती. गाठोडं ठेवलं, सरळ पाण्याच्या टाकीकडे गेला, पाय धुतले आणि ओल्या पायांनी ओसरीवर येऊन बसला. भावजयीने ताट आणून ठेवलं. तीन दिवस भाऊ त्याच्याशी बोलला नाही. निघताना बरणी हातात दिली.

"पिक्चरमा तो ताट वाढेल शे म्हनस," हा म्हणाला, "मना भाऊ तितलं बी बोलना नही. पन ताट व्हतं."

वहिनी दारात उभ्या राहून पदराने डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या. "गुरुजी, आते तुम्ही याले रोज सिनेमाले ली जा. मी काहीच बोलाव नही."



यानंतर ते वाक्य त्या घराचं झालं. कोणी रुसलं की "ताट वाढेल शे, पाय धुईसन ये." तो खात्यात सगळ्यांना तो सिनेमा बघायला सांगायचा. आणि दीड वर्षाने त्याच्या थोरल्या मुलीचा साखरपुडा ठरला, तेव्हा थोरला भाऊ पहिल्यांदा सुरतेला आला. उंच, काटक, कमी बोलणारा. नेमका त्याच आठवड्यात एका थिएटरात तो सिनेमा सकाळच्या खेळाला पुन्हा लागला होता.

"भाऊले दखाडानाच शे," हा म्हणाला. त्याचा आनंद बघवत नव्हता. आणि भावाचे कान शाबूत होते.

मी ताप आल्याचं सांगितलं. त्याने माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "चला."

आम्ही भिंतीकडच्या खुर्च्यांत बसलो. तो, मग मी, मग थोरला. पूर्ण सिनेमाभर मी एकही वाक्य सुधारलं नाही. जे ऐकू आलं ते तसंच्या तसं सांगितलं. एकदा तर त्याने कंटाळून हाताने खूण केली, पुरे. शेवटचा प्रसंग आला. अंगण, पाठमोरा थोरला, गाठोडं. याने पडद्याकडे पाठ करून पूर्ण माझ्याकडे तोंड केलं. वाक्य त्याला पाठ होतं. त्याला ते माझ्या ओठांवर पुन्हा बघायचं होतं. दोन टिचक्या.

थिएटरभर आवाज घुमला: या घरात तुझं ताट नाही.

मी ओठांनी म्हटलं: ताट वाढलेलंच आहे. पाय धुऊन ये.

उजव्या बाजूला थोरला भाऊ माझ्या तोंडाकडे बघत होता.

बाहेर ऊन होतं. चहाच्या गाडीवर तिघं उभे राहिलो. हा भावाच्या अगदी समोर जाऊन उभा राहिला, ओठ नीट दिसावेत म्हणून. "ऐकं ना? शेवटलं वाक्य ऐकं ना तू? काय बोलना तो?"

थोरल्याने कप खाली ठेवला. माझ्याकडे एकदा बघितलं. मग खात्यात कधी पाऊल न टाकलेल्या त्या शेतकऱ्याने ओठ मोठे उघडून, सावकाश, एकेक शब्द म्हटला:

"ताट वाढेल शे म्हने. पाय धुईसन ये."

हा टाळी वाजवून हसला आणि चहावाल्याला आणखी तीन सांगितले.

साखरपुड्यानंतर थोरल्याला गाडीत बसवायला आम्ही उधन्याला गेलो. हा तिकिटाच्या रांगेत उभा होता. बाकावर आम्ही दोघेच. मी म्हणालो, "दादा, माझी चूक झाली. मी आजच त्याला खरं सांगतो."

तो रुळांकडे बघत बोलला. "त्या दिनले तो अंगनमा उना ना गुरुजी, तवय मना तोंडमा तेच व्हतं. पिक्चरमा जे बोलस तेच. बोलाले तोंड उघाडं मी. पन त्यानी दखंच नही मनाकडे. पाय धुई टाकात. पाय धोयेल मानूसले मी काय बोलू?"

थोड्या वेळाने म्हणाला, "त्याले सांगू नका. मी जिता शे तवलोंग तरी नका."

मी शब्द दिला. थोरला तीन वर्षांपूर्वी गेला. तेव्हा सांगता आलं असतं, पण तोवर मी सांगलीकडे परतलो होतो, आणि माझ्या मित्राच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरून त्याला अगदी जवळ बसलेल्या माणसाचेच ओठ दिसत. फोनवर तर बोलणं शक्यच नव्हतं. कागदावर लिहून पाठवावं, तर घरातलं कोणीतरी वाचून दाखवणार, आणि ते त्यांच्या ओठांवर बघायला लागणं मला बरं वाटेना. ही सबब आहे, हे मला माहीत आहे.

तर मुला, तुझ्या वडिलांनी मनाने काही धरलं नव्हतं. पडद्यावर जे दिसलं ते त्यांनी अचूक पाहिलं आणि मी जे सांगितलं ते अचूक वाचलं. आयुष्यभर त्यांनी एकाही सिनेमाबद्दल चुकीचं मत दिलं नाही. जिथे दिलं असं वाटतं, तिथे तो सिनेमा माझा होता. मी त्यांना खोटी वाक्यं दिली. त्यांनी मला डोळे दिले, आणि परत आलेल्या कथांच्या माणसाला एक वाचक दिला. त्या वाचकाने वाचलेलं नुसतं वाखाणलं नाही; गाडीत बसून गेला आणि पाय धुतले.

ते वाक्य सिनेमात नाही, हे खरं. थोरल्या भावाने धाकट्याला म्हणावं तसं ते एकदाच बोललं गेलं, चहाच्या गाडीवर, तुझ्या मोठ्या काकांच्या तोंडून. आम्हा तिघांपैकी ते बोलण्याचा हक्क त्यांनाच होता. यापुढे घरात कोणी विचारलं तर सिनेमाचं नाव सांगू नकोस. त्यांचं सांग.